घोटलेला खण

मामांनी घोटलेल्या भिंतीत तोंड बघून माणसाने खुशाल दाढी करावी, असं त्या धंद्यात म्हणत. म्हणणाऱ्यांनी थोडा मीठमसाला लावला असेल, पण फार नाही. पस्तीस वर्षं मामांनी चुन्याचा गिलावा घोटला होता. ओल्या चुन्यावर गुळगुळीत दगड फिरवायची एक वेळ असते. लवकर फिरवला तर चुना दगडाला चिकटून येतो आणि उशीर झाला तर नुसते ओरखडे उठतात. ती वेळ घड्याळात दिसत नाही. मामांच्या उजव्या तळव्याला ती कळायची. भिंतीला हात टेकवून ते "आता" म्हणत, आणि ती वेळ तेव्हाच असायची. देव कुणाला गळा देतो, कुणाला बुद्धी देतो, तसा मामांना त्याने तळवा दिला होता.

खरं तर ते एकाच मुलीचे मामा. थोरल्या बहिणीची ही मुलगी लहानपणी सुट्टीत त्यांच्या मागे मागे फिरायची आणि उरलेल्या चुन्याच्या भाकऱ्या थापायची. आता तीच छतांच्या कामाची ठेकेदार होती. आवाज शोषून घेणाऱ्या गिलाव्याचं काम ती बाहेर जाऊन शिकून आली, चार माणसं जमवली आणि चुन्याची कामं आटल्यावर घरी बसलेल्या मामांना म्हणाली, "मामा, ये माझ्याकडे." ती मामा म्हणते म्हणून कामावरचे सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. भाचीने मात्र पहिल्याच दिवशी एक बदल केला. घरात ती त्यांना "तू" म्हणायची, कामावर "तुम्ही".

"कामावर तू-तू नको," ती म्हणाली होती. "नाहीतर उद्या लंबूही तू म्हणेल."

"म्हणू दे की," मामा म्हणाले. "तो वरून बोलतो, मला अर्धं ऐकूच येत नाही."

लंबू हा त्यांचा जोडीदार. छतापर्यंत हात पोचावा म्हणून बाकीच्यांना पेटीवर उभं राहावं लागे, त्याला लागत नसे, एवढीच त्याची ओळख पुरे.

काम होतं जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. दोन पुरुष उंच दरवाजे, दगडी फरशी आणि मधोमध एक दालन. ते इतकं उंच की खाली कुणी शिंकलं तर शिंक वर जाऊन, चारी भिंतींना भेटून, सवडीने परत यायची. पूर्वी इथे निकाल वाचला की आरोपी शेजारच्या शिपायाला विचारायचा, "सुटलो का हो?" आणि शिपायालाही ते कळलेलं नसायचं, असं सांगत. पुढे न्यायालय नव्या इमारतीत गेलं आणि दालन गावच्या सभांना मोकळं झालं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक निरूपणकार बाई तिथे यायच्या. एखादी जुनी ओळ घ्यायच्या, गायच्या, तिचा अर्थ उलगडायच्या, मध्येच एखादी गोष्ट सांगून हसवायच्या आणि पुन्हा त्याच ओळीवर येऊन गायच्या. गळा असा की ऐकणाऱ्याचा दिवसभराचा शीण उतरावा. मामा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, कधी चुकले नाहीत. ताईंचे गुडघे दुखत, पायऱ्या चढून पुढे जाणं जमायचं नाही, म्हणून दोघं दारालगतच्या मागच्या बाकावर बसत.

पण मागच्या बाकापर्यंत पोचायची ती नुसती चाल. शब्द वाटेतच एकमेकांत कालवले जात. ताईंना दोन्ही कानांत मशीन लागलेलं. मशीन बिचारं इमानदार, ते बाईंचा आवाज आणि त्याचे चार पडसाद सारख्याच निष्ठेने कानात आणून ओतायचं. पुढे छताचा गिलावा तुकड्यातुकड्याने सुटून पडू लागला आणि दालन बंद झालं. दुरुस्तीचं काम निघालं. छत भाचीकडे आलं तेव्हा मामांना वाटलं, हे काम आपल्याला कुणी आपण होऊन दिलेलं नाही, देवाने पाठवलेलं आहे.

छताला लाकडी तुळयांनी पाडलेले सात खण होते. तुळया तशाच ठेवायच्या होत्या. प्रत्येक खणात पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर काचेच्या बारीक दाण्यांच्या हलक्या पाट्या, पाट्यांचे सांधे भरून घासायचे आणि वर बारीक गिलाव्याचे दोन हात. खालून पाहणाऱ्याला सांधा दिसता कामा नये. मामांना यात नवीन असं काहीच वाटलं नाही. नवीन होतं ते पुढचं.

पहिल्याच दिवशी भाचीने नमुन्याची एक पाटी प्रत्येकाच्या हातात दिली आणि म्हणाली, "तोंड लावा आणि फुंका."

लंबूने फुंकलं आणि पाटीच्या मागे हात धरला. "वारा आला की."

"आलाच पाहिजे. हा गिलावा भोकाभोकाचा आहे. आवाज त्या भोकांतून आत जातो आणि आतल्या आतच विरतो. म्हणून शेवटचा हात एकदाच फिरवायचा आणि मागे व्हायचं. पुन्हा दाबून फिरवला की भोकं बुजली. मग हे छत आणि दगडाची फरशी, दोन्ही सारखंच."

"म्हणजे चांगलं काम केलं की बिघडतं," लंबू म्हणाला.

"तुला ती भीती नाही," भाची म्हणाली. "मी मामांना सांगतेय."

सगळे हसले. मामाही हसले. त्यांनीही पाटी फुंकली होती, पलीकडे वारा लागला होता आणि डोक्याला सगळं पटलं होतं. तळव्याला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

सहा खण नीट झाले. भाची शेजारी असायची. मामांचा हात परत वळायला लागला की ती नुसतं खाकरायची आणि हात थांबायचा. सातवा खण दाराच्या बाजूचा, मागच्या बाकांवरचा. तो मामांनी मागून घेतला. "हा पूर्ण माझ्याकडे दे," ते म्हणाले. "इथे मी इतकी वर्षं वर बघत बसलोय."

नेमकं त्याच वेळी सामानाच्या दोन खेपांच्या रंगात किंचित फरक आला आणि भाचीला कारखान्यावर जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "मामा, एकदा फिरवायचा आणि हात मागे. मी खाकरायला नसेन."

"लंबूला खाकरायला शिकवून जा," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातव्या खणाचा शेवटचा हात संपला. लंबू जेवायला खाली गेला. मामा लोखंडी नळ्यांच्या परांचीवर एकटेच थापी धूत होते. तेवढ्यात ऊन कलंडलं आणि दारावरच्या गोल खिडकीतून उजेडाची एक तिरीप आडवी आत आली. आडवा उजेड म्हणजे गिलावेवाल्याचा सासरा. समोरून जे झाकतं ते तो बाजूने उघडं पाडतो. त्या उजेडात मामांना आपला खण दिसला. नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखा, कणीकणीचा, खडबडीत. बाकीचे सहाही तसेच होते, पण ते चौघांचे होते. हा एकट्या मामांचा होता.

त्यांनी सहज हात टेकवला आणि तळवा म्हणाला, आता.

त्यापुढचं मामांना नीट आठवत नव्हतं असं नाही, चांगलं आठवत होतं. आधी थापीची पाठ फिरवली, अगदी हलक्या हाताने, एवढीशीच, त्या कोपऱ्यात. कोपरा असा निघाला की बाकीचा खण त्याच्यापुढे ओशाळा दिसू लागला. मग पिशवीतून दगड आला. दगड इतकी वर्षं पिशवीत का होता, हे कुणी विचारलं असतं तर मामांनी सांगितलं असतं, वजनाला. लंबू जेवून, कुणाशी तरी गप्पा मारून परत येईपर्यंत खण अंड्याच्या कवचासारखा झाला होता.

लंबूने वर पाहिलं. "मामा, हे काय केलंत?"

"काही नाही. नीट केलं."

"एक नंबर झालंय."

भाची परत आली ती थेट खाली दालनात. तिथून तिने मान वर करून सातही खण पाहिले. "सातवा छान सपाट आलाय," ती म्हणाली. त्याच दिवशी इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष बाई पाहायला आल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "बाकीचे सहा असे का नाहीत?"

"शेवटी शेवटी हात बसतो," भाची म्हणाली आणि मामांकडे बघून हसली. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते दोन दिवसही टिकलं नाही. लंबू परांचीवर बसून फळ्या पुसत होता आणि गुणगुणत होता. त्याला गाता येत नव्हतं, पण तो मनापासून गुणगुणायचा. सहाव्या खणाखाली होता तेव्हा त्याचा आवाज ओठाबाहेर पडून जागीच मावळत होता. सरकत सरकत तो सातव्या खणाखाली आला आणि मामांनी मान वर केली. आवाज वर जाऊन परत आला होता. फार नाही, थोडा. पण आयुष्यभर गाणं ऐकलेल्या कानाला तेवढा पुरतो.

लंबू पाणी प्यायला उतरला तेव्हा मामा वर चढले. तोंडावरचं फडकं खाली ओढलं, ओठ छताला टेकवले आणि फुंकलं.

वारा परत आला. सकाळच्या चहाचा वास त्यांच्याच नाकात शिरला.

त्यांनी जागा बदलली, पुन्हा फुंकलं. आणखी एक जागा. सहा ठिकाणी फुंकून झाल्यावर ते परांचीच्या फळीवर बसून राहिले. खण सुंदर होता. त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या पाच कामांत बसला असता. आणि हे सांगितलं की भाची काय करणार ते त्यांना ठाऊक होतं. ती ओरडणार नाही. ती थापी काढून घेईल आणि माल कालवायच्या मिक्सरपाशी उभं करील. ज्या माणसाचा हात सांगितलेलं ऐकत नाही, त्याला छताखाली कोण उभं करणार? तीन वर्षं घरी बसून काढलेली मामांना आठवली. सकाळी उठून आंघोळ करून, भांग पाडून, दिवसभर कुठेच न जाणं.

दुसऱ्या दिवशी परांचीवाले आले. नळ्या सुटू लागल्या. मामा खाली उभे राहून त्या मोजत होते. ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाला मात्र कुलूप होतं.

मग मोजणीवाला आला. त्याने तिपायीवर यंत्र ठेवलं, सगळ्यांना गप्प बसवलं आणि टाचणीने फुगा फोडला. असे बारा फुगे त्याने बारा जागी फोडले. शेवटचा फुटला तेव्हाही लंबू दचकला.

"आधी इथे चार सेकंद घुमायचं," मोजणीवाला कागदाकडे पाहत म्हणाला. "आता सव्वा. पास आहे. मागे दाराकडे जरा जास्त येतंय, पण सरासरीत बसतं. मागची भिंत दगडी आहे ना, तिच्यामुळे असेल."

"हो, भिंतीमुळेच," भाची म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. मामांनी दगडी भिंतीकडे पाहिलं. बिचारीने काही केलं नव्हतं.

उद्घाटनाला नऊ दिवस होते. पहिल्या संध्याकाळी निरूपणकार बाईच येणार होत्या. सुट्टीच्या दिवशी भाचीने आईला छत दाखवायला आणलं, मामाही बरोबर आले. दालन झाडून स्वच्छ झालं होतं, बाक लागले होते. ताई सवयीने दाराजवळच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मामा त्यांच्या शेजारी.

भाची समोरच्या चौथऱ्यावर चढली. "आई, मी काहीतरी बोलते," ती लांबून म्हणाली. "बघ ऐकू येतंय का."

तिने पिशवीतून एक चिठोरं काढलं आणि वाचू लागली. घरच्या सामानाची यादी होती. साबण, मीठ, टाचण्यांची डबी, दाराला तेल. तीही निरूपणाच्या चालीवर, हात उंचावून. मामांना हसू आलं. ताई प्रसन्न चेहऱ्याने समोर पाहत होत्या. यादी संपल्यावर भाचीच्या अंगात आलं. तशाच आवाजात ती म्हणाली, "आणि आई, तुझी ती काचेची मोठी बरणी मांजराने नाही फोडली. मी फोडली."

ताईंनी मान हलवली. "छान," त्या म्हणाल्या. "छान बोललीस."

भाची आधी हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. ती चौथऱ्यावरून उतरून जवळ आली आणि हलक्या आवाजात मामांना म्हणाली, "कान आणखी गेले हिचे. मशीन बदलायला हवं. मला वाटलं होतं, इथे तरी ऐकू येईल." मग आईच्या खांद्यावर हात ठेवून, "असू दे, आई. तू आपली चाल ऐक."

"हो गं," ताई म्हणाल्या. "चाल तर येतेच की मला."

मामा उठले. त्यांनी ताईंचा हात धरला. "चल, पुढे."

"कशाला? माझे गुडघे."

"चारच बाकं. पायरी नाही तिथवर."

सहाव्या खणाच्या मधोमध त्यांनी ताईंना बसवलं आणि भाचीला म्हणाले, "जा. शेवटचं वाक्य पुन्हा म्हण."

भाची काही न समजून गेली आणि चौथऱ्यावरून साध्या आवाजात म्हणाली, "बरणी मी फोडली."

ताईंची मान ताठ झाली. "कुठली बरणी? ती निळ्या झाकणाची?"

भाचीने आईकडे पाहिलं, मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मग तिची मान वर जाऊ लागली.

"वर बघू नकोस," मामा म्हणाले. "खालून नाही दिसणार. मी घोटलाय तो."

ती आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"आणि कळलं कधी?"

"परांची उतरायच्या आदल्या दिवशी. फुंकून पाहिलं."

"परांची उतरत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

सुट्टीचा दिवस होता, कामावर कुणी नव्हतं, तरी तिने "तुम्ही" म्हटलं. मामांना ते लागलं.

"इथेच. नळ्या मोजत होतो."

"किती होत्या?"

"दोनशे सोळा."

"एवढं तरी बरोबर केलंत."

"मांजराला मी मेलीने किती दिवस दूध दिलं नाही," ताई म्हणाल्या. "त्याचं काय ते बोला आधी."

भाची बाकावर बसली. मोजणीचा कागद तिच्या पिशवीतच होता. तो तिने काढला नाही, पण पिशवीवर हात ठेवला. "कागदावर पास आहे, मामा. मी गप्प बसले तर कुणी विचारणार नाही."

"नाहीच विचारणार," मामा म्हणाले. "मागे बसणारे काय म्हणतील? ऐकू आलं नाही असं तीस वर्षांत हिने एकदाही म्हटलं नाही. मान हलवते आणि घरी येते. तसे आणखी असतील बाकावर." त्यांनी घसा साफ केला. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू थापी काढून घेशील म्हणून नाही सांगितलं. एवढंच आहे. दुसरं कारण काही नाही."

भाचीने पिशवीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "अध्यक्ष बाईंना तुम्ही सांगायचं. मी बरोबर येईन, पण बोलायचं तुम्ही."

मामांनी सांगितलं. टोपी हातात घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दगडासकट. अध्यक्ष बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "म्हणजे सगळ्यात चांगला तोच खराब?"

"हो."

"मग इथून पुढे मला एखादी गोष्ट आवडली की आधी तपासून घेत जा," त्या म्हणाल्या, आणि भाचीला फक्त एवढंच विचारलं, "नऊ दिवसांत होईल?"

"आठ," भाची म्हणाली. "आजचा गेला."

मागच्या बाजूची परांची पुन्हा चढली. घोटलेला थर नुसता घासून उघडत नाही, खरवडून पाटीपर्यंत जावं लागतं आणि पाटीला धक्का लागू द्यायचा नसतो. ते काम मामांनी कुणाला करू दिलं नाही. दोन दिवस ते मान वर करून आपला खण खरवडत होते. कवच पापुद्र्याने सुटायचं, भुवयांवर बसायचं. लंबू खाली झाडत होता. त्याने एक मोठा तुकडा उचलून उजेडात धरला आणि काही बोलणार होता, पण मामांकडे बघून तो पोत्यात टाकला.

तिसऱ्या दिवशी खालचा थर झाला, तो वाळायला दोन दिवस गेले. शेवटच्या हाताच्या सकाळी मामा आपण होऊन मिक्सरपाशी जाऊन उभे राहिले.

"इथे काय करताय?" भाचीने विचारलं.

"माल कालवतो. वर लंबूला लावू दे."

"लंबूचा हात खालीवर होतो. त्याला लाटा येतात."

"ऐकतोय मी," वरून लंबू म्हणाला.

"तुमच्याइतकं सपाट कुणी लावत नाही," भाची म्हणाली. "तुम्हीच लावायचं. मी शेजारी बसणार. पट्टा पुरा झाला की थापी माझ्या हातात. पुढचा पट्टा सुरू करताना परत घ्यायची. दगड कुठे आहे?"

मामांनी पिशवी उघडून दगड दिला. तिने तो खिशात टाकला, तर खिसा एका बाजूला ओघळला. मग तिने तो परांचीवाल्याला दिला.

असं ते काम चाललं. मामा पट्टा ओढत, एक सलग, श्वास धरून, आणि शेवटाला पोचले की शेजारून शब्द येई, "थापी." ते थापी देत. सतरा पट्टे झाले. पहिल्या पाचसहा वेळा भाचीला हात पुढे करावा लागला. नंतर मामा आपणच देऊ लागले, न बघता. ते सोपं झालं होतं असं नाही. प्रत्येक वेळी बोटं उघडताना त्यांच्या दंडापर्यंत एक कळ जायची, जशी कुणाला निरोप देताना हात सुटत नाही तशी. पण उघडायची.

शेवटचा पट्टा झाला. दोघं फळीवर शेजारी शेजारी बसली. थोड्या वेळाने मामा उजवा तळवा पँटीला पुसू लागले.

"काय झालं?"

"वेळ झाली," मामा म्हणाले. "आत्ता. ह्या मिनिटाला."

"घोटायची?"

"हो."

"मग उतरा खाली," भाची म्हणाली. "बाहेर जाऊन बसा. तासभर येऊ नका."

मामा उतरले आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसले. उजवा हात त्यांनी मांडीखाली घेतला. थोड्याच वेळात लंबू दोन कप चहा घेऊन आला आणि त्यांच्या वरच्या पायरीवर, वाट अडवून बसला.

"तुला पाठवलंय का?"

"मला सांगितलंय, मामा उठले तर पाय आडवा घाल," लंबू म्हणाला. "पाय लांब आहेत, काम सोपं आहे. चहा घ्या."

मामांनी डाव्या हाताने चहा घेतला. समोरच्या रस्त्यावरून माणसं जात होती, एक बाई छत्री बंद करून हिशेबात नसलेल्या उन्हाकडे पाहत होती. तो तास मामांनी आयुष्यात कुठल्याही भिंतीवर घालवला नव्हता. तो कसा घालवायचा ते त्यांना येत नव्हतं. ते मनातल्या मनात एक जुनी ओळ म्हणत राहिले, तीच तीच, आणि लंबू त्याला येत नसलेलं काहीतरी गुणगुणत राहिला.

भाची दारात आली. "वाळलं," ती म्हणाली. मग पायरीवर त्यांच्या शेजारी टेकली आणि लंबूच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "पुढच्या महिन्यात वाचनालयाचं छत आहे. एकच खण, पण लांबलचक. तू येतोयस ना?"

"येतो," मामा म्हणाले.

उद्घाटनाला दालन भरलं. मोजणीवाल्याने आदल्या दिवशी पुन्हा बारा फुगे फोडले होते आणि मागच्या भिंतीला दोष देणं बंद केलं होतं. निरूपणकार बाई थकल्या होत्या, पण गळा तोच. त्यांनी ओळ घेतली, गायली, उलगडायला लागल्या. ताई मागच्या बाकावर, पदर सावरून, किंचित पुढे झुकून बसल्या होत्या. मामा वर बघत होते. गोल खिडकीतून आडवा उजेड आला होता आणि सातवा खण बाकीच्या सहांसारखाच कणीकणीचा, मुका दिसत होता. कुठे लाट नव्हती. पट्ट्यांचे सांधे शोधून सापडत नव्हते. मामांनी सतराही पट्टे एकेक करून तपासले.

संपल्यावर दोघं पायऱ्या उतरली, सावकाश, एकेक पायरी करून.

"दुसरा अर्थ लावला तिने, तो पटला का तुला?" ताईंनी विचारलं.

"पटला," मामा म्हणाले.

"तिने दुसरा अर्थ लावलाच नाही. एकच लावला आणि तोही घाईत उरकला. तू कुठे होतास?"

"वर," मामा म्हणाले.

"एवढी चांगली बोलली ती आणि हा वर बघत बसला." ताईंनी त्यांच्या दंडाचा आधार घेतला. "चल, सावकाश चाल. मी सांगते." आणि रस्त्याला लागल्यावर त्यांनी बाईंनी घेतलेल्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.